स्टेडियमवर कॉन्सर्ट आणा म्हणता? आधी मैदानाचा हिशेब मांडा

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. अर्ध्यावर सोडून कमेंटमध्ये भांडायला येऊ नका, पूर्ण वाचून या.

गेल्या आठवड्यात एका ग्रुपवर व्हिडिओ फिरला. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, कोल्डप्लेचा कार्यक्रम, हजारो मनगटांवर लुकलुकणारे पट्टे. खाली एकाने लिहिलं होतं, "आपल्या तुळजाभवानी स्टेडियमवर असं काही कधी होणार? बघावं तेव्हा नुसती पोरं पळत असतात." त्याला भराभर अंगठे आले. दुसऱ्याने सल्ला दिला, "महिन्याला एक इव्हेंट लावा, भाड्यातच स्टेडियम सोन्याचं होईल."

"नुसती पोरं पळत असतात." हे वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना. अरे बाबा, मैदानावर पोरं पळणार नाहीत तर काय उंट चरणार?

आधीच सांगतो, माझं गाण्याशी वैर नाही. माझ्या शेजाऱ्याचा पोरगा हिंजवडीला नोकरीला आहे, तो कोल्डप्लेला गेला होता. तिकिटं अडीच हजारांपासून पुढे होती. तो आल्यावर चार दिवस त्याच धुंदीत होता. आनंद आहे. माणसाने गाणं ऐकावं, नाचावं, पैसे स्वतःचे आहेत. माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते एकाच गोष्टीपुरतं आहे: सरकारी पैशातून, लोकांच्या जागेवर बांधलेलं मैदान जेव्हा एका रात्रीसाठी दिलं जातं, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुणाच्या ताब्यात असतं आणि कोणत्या अवस्थेत असतं? आणि आलेला पैसा जातो कुठे?

पहिली गोष्ट, नेरूळचं उदाहरण आपल्याला लागूच होत नाही. ते स्टेडियम खासगी संस्थेचं. २००८ साली सुरू झालं, त्याच वर्षी १ जूनला पहिल्या आयपीएलची फायनल तिथे झाली. २०१७ च्या मे महिन्यात जस्टिन बीबर येऊन गेला आणि ऑक्टोबरात तिथेच सतरा वर्षांखालच्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने झाले, स्पेन-मालीची सेमीफायनलसुद्धा. डिसेंबर २०१९ मध्ये यू-टू. २०२२ मध्ये फेब्रुवारीत महिला आशियाई फुटबॉलची फायनल, ऑक्टोबरात मुलींच्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाची फायनल. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेच्या तीन रात्री. आणि त्याच वर्षी २ नोव्हेंबरला आपल्या पोरींनी तिथेच क्रिकेटचा विश्वचषक उचलला. म्हणजे गाणं आणि खेळ एकाच मैदानावर चालू शकतात, हे नेरूळने दाखवलंय, मान्य. पण तिथला मालक एक आहे, मैदान बिघडलं तर नुकसान त्याचं. तो काळजी घेणारच. आपल्या संकुलाचे मालक तुम्ही-आम्ही सगळे. आणि सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही, हा आपला जुना अनुभव.

तुलना करायचीच तर अंधेरीशी करा.

अंधेरीचं शहाजी राजे भोसले क्रीडा संकुल. मुंबई महापालिकेचं, म्हणजे लोकांचं. १ नोव्हेंबर १९९६ ला तिथे मायकल जॅक्सन नाचला. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्याकडे पेपर दुपारी यायचा आणि त्या आठवड्यात पानंच्या पानं जॅक्सन होता. विमानतळावर नऊवारीतली सोनाली बेंद्रे, मग मातोश्रीची भेट, सगळं साग्रसंगीत. कार्यक्रम शिव उद्योग सेनेचा, प्रमुख राज ठाकरे. मराठी तरुणांना रोजगार मिळवून द्यायचा, त्यासाठी निधी उभा करायचा, असा हेतू सांगितला होता. राज्यात युतीचं सरकार. सरकारने करमणूक कर माफ केला. मुंबई ग्राहक पंचायत कोर्टात गेली: हा कार्यक्रम धर्मादाय कसा? कराचे ३ कोटी ३३ लाख रुपये अडकले. कोर्टाने सरकारला पुन्हा विचार करून निर्णय घ्यायला सांगितलं. निर्णय कधी झाला माहीत आहे? जानेवारी २०२१ मध्ये. तेव्हा महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळाने माफी कायम केली आणि कार्यक्रम भरवणाऱ्या कंपनीला पैसे परत मिळायची वाट मोकळी झाली. मधल्या काळात जॅक्सन वारला, २००९ मध्ये. सरकारं आली-गेली, पक्ष फुटले, जुळले.

एका संध्याकाळच्या हिशेबाला चोवीस वर्षं. आणि या चोवीस वर्षांत वाद कशावर होता? करावर. कंपनी, सरकार, ग्राहक पंचायत, कोर्ट, सगळे त्यात होते. मैदानाला त्यातून काय मिळालं, तिथे सराव करणाऱ्या पोरांना काय मिळालं, हा प्रश्न त्या सगळ्या गदारोळात माझ्या वाचण्यात तरी आला नाही.

त्याच मैदानावरची दुसरी संध्याकाळ सांगतो. १ जून २०१८. भारताचा फुटबॉल संघ चायनीज तैपेईशी खेळत होता. पाच-शून्यने जिंकलो, कर्णधार सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली. बघायला माणसं किती? अडीच हजारांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी छेत्रीने मोबाईलवर व्हिडिओ करून हात जोडले: आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. देशाच्या कर्णधाराला असं विनवावं लागलं. ४ जूनला केनियाविरुद्धचा सामना त्याचा शंभरावा होता. पाऊस कोसळत होता आणि स्टेडियम फुल्ल. तीन-शून्यने जिंकलो. त्याच जागी बावीस वर्षांपूर्वी जॅक्सनसाठी लोकांनी हजारो रुपये मोजले होते. छेत्रीला मात्र आधी भीक मागावी लागली.

यात लोकांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. खेळ बघायची सवय लावावी लागते. ती सवय गावातल्या मैदानावर लागते, टीव्हीवर नाही. आणि गावातलं मैदान कार्यक्रमांना दिलेलं असलं, तर ती सवय लागणार कधी?

आता दिल्ली. तिथलं जवाहरलाल नेहरू स्टेडियम हे खऱ्या अर्थाने राष्ट्रीय मैदान. १९८२ च्या एशियाडसाठी बांधलं, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी नव्याने केलं. ३० सप्टेंबर १९८८ ला तिथे ॲम्नेस्टीचा मानवी हक्कांसाठीचा जागतिक संगीत दौरा आला होता. ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, ट्रेसी चॅपमन असे दिग्गज होते आणि सोबत आपले पंडित रविशंकर. २०१२ मध्ये याच मैदानावर आपण कॅमेरूनला पेनल्टीवर हरवून नेहरू कप जिंकला. ऑक्टोबर २०१७ मध्ये जॅक्सन सिंगने (हा आपला जॅक्सन, मणिपूरचा) कोलंबियाविरुद्ध हेडर मारला. फिफाच्या विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल. असं ऐतिहासिक मैदान.

२६ आणि २७ ऑक्टोबर २०२४ ला तिथे दिलजीत दोसांझचे कार्यक्रम झाले. दिलजीत मला आवडतो. पण नंतर तिथे सराव करणाऱ्या एका धावपटूने व्हिडिओ टाकला, तो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ट्रॅकवर कचरा, दारूच्या बाटल्या, सडलेलं अन्न, खेळाडूंचं सामान मोडून फेकलेलं, हर्डल्स भिरकावलेले. सराव दहा-दहा दिवस बंद. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं म्हणणं होतं की मैदान होतं तसं परत द्यायचं, असं करारातच आहे आणि साफसफाई चालू आहे. चार दिवसांनी, ३१ तारखेला, तिथे आयएसएलचा सामना ठेवलेला होता, त्याआधी सगळं आवरायचं होतं.

बघा, करार होता. कागद होता. राजधानीत, देशाच्या क्रीडा प्राधिकरणाच्या ताब्यातलं मैदान, कॅमेऱ्यांच्या समोर. तिथे ही तऱ्हा, तर तालुक्याला काय होत असेल?

काय होतं ते मी सांगतो, पाहिलंय मी. आपल्याच जिल्ह्यातलं एक मैदान. नाव घेत नाही, नाव घेतलं की विषय मैदानावरून माणसांवर जातो आणि मग पोस्टचा उपयोग उरत नाही. एक मोठा कार्यक्रम ठरला. पाऊस पडून गेलेला, माती ओली. त्यावरून स्टेजचे लोखंडी सांगाडे घेऊन मालट्रक आत आले. चाकोऱ्या एवढ्या खोल की पोरगं उभं राहिलं तर नडगीपर्यंत आत. खो-खोचे दोन्ही खांब उपटून बाजूला टाकलेले. कार्यक्रम दणक्यात झाला, मीही बातमी केली, फोटोसकट. तेव्हा मलाही चाकोऱ्या दिसल्या नाहीत, कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर तिथले सर स्पीकरमधून काढलेला लोहचुंबक सुतळीला बांधून मैदानावर ओढत फिरत होते. मांडवाचे खिळे वेचत होते. आदल्या दिवशी एका मुलीच्या तळपायात खिळा घुसला होता. अनवाणी खेळणारी पोर. सर म्हणाले, "साहेब, लिहू नका, पुढच्या वेळी मैदानच द्यायचे नाहीत सरावाला." मी लिहिलं नाही. ते मनात राहिलंय, म्हणून आज लिहितोय.

आता आपल्या मैदानाविषयी थोडं, कारण आपल्यालाच आपली किंमत कळत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय खो-खो अजिंक्यपद स्पर्धा आपल्या गावात झाली. देशभरातले संघ इथे आले होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरी आपल्याकडे झाली, शिवराज राक्षेने हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा घेतली. (त्याच महिन्यात फुलगावला दुसरी महाराष्ट्र केसरी झाली आणि ती सिकंदर शेखने जिंकली. दोन संघटना, दोन केसरी. तो तमाशा वेगळ्या पोस्टचा विषय.) कुस्ती बघायला गर्दी किती होती, ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. म्हणजे आपल्या माणसाला खेळ बघायला आवडत नाही, हे कुणी मला सांगू नये.

आणि खो-खोचं तर विचारूच नका. सारिका काळे आपली. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताची कर्णधार, २०२० ला अर्जुन पुरस्कार. दुष्काळी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या जिल्ह्यातली मुलगी, मातीवर खेळून तिथे पोचली.

आता तारीख लक्षात घ्या. १९ जानेवारी २०२५, रविवार. संध्याकाळी नेरूळला कोल्डप्लेची दुसरी रात्र. सगळे मोबाईल तिकडे. त्याच संध्याकाळी दिल्लीत इंदिरा गांधी स्टेडियममध्ये पहिल्या खो-खो विश्वचषकाची फायनल. भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० ने हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे, मराठी. मुलांचा संघही जिंकला, कर्णधार प्रतीक वाईकर, तोही मराठी. आणि मुलींच्या त्या संघात होती आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदे. विश्वविजेती. आपल्या गावातली पोरगी.

त्या रात्री माझ्या फोनवर कोल्डप्लेचे व्हिडिओ किती आले याची गणतीच नाही. अश्विनीचे किती आले, ते एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. ग्रुपवर मेसेज टाकणाऱ्या त्या मित्राला मी हेच विचारलं: ती अश्विनी घडली, ती "नुसती पोरं पळत असतात" अशाच एखाद्या मैदानावर ना?

आणि पळणारी पोरं कोण आहेत, ते कधी पहाटे येऊन बघितलंय? साडेपाचला या. निम्मी पोरं पोलीस भरतीची आहेत. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. सेकंदासेकंदाला मार्क. गावाकडे तीन-चार एकर कोरडवाहू, सोयाबीनला भाव नाही, बाप म्हणतो भरतीत लाग नाहीतर पुण्याला कंपनीत जा. खोली भाड्याने घेऊन चौघं-पाचजण राहतात, मेसचा डबा लावतात. भरतीच्या तोंडावर आठ दिवस मैदान बंद राहिलं तर यांनी पळायचं कुठे, हायवेवर? पळतात बिचारे, ट्रकच्या उजेडात. एक वर्ष हुकलं की कुणाचं वय निघून जातं. तुमच्या एका कॉन्सर्टची ही किंमत आहे, आणि ती कोणत्याही भाड्याच्या पावतीवर लिहिलेली नसते.

"मग स्टेडियमचा खर्च कसा भागवायचा?" हा प्रश्न खरा आहे, त्याला बगल देत नाही. पाणी, वीज, वॉचमन, माळी, सगळ्याला पैसा लागतो आणि सरकारी अनुदान बांधकामाला मिळतं तसं देखभालीला मिळत नाही. फीत कापायला सगळे येतात, गवत कापायला कुणी नाही. त्यामुळे भाडं घ्यावं लागेल, मी विरोध करत नाही. पण भाडं घेणाऱ्याने कसं घ्यावं, हे सिंगापूरकडून शिका. तिथलं राष्ट्रीय स्टेडियम २०१४ मध्ये उघडलं, अब्जावधींचं, आणि पहिल्याच वर्षी त्याच्या गवतावरून जगभर नाचक्की झाली. ब्राझील-जपान सामना झाला, नेमारने चार गोल मारले, पण चर्चा वाळू दिसणाऱ्या मैदानाची. त्यांनी काय केलं? पुढच्या वर्षी गवत बदललं, पद्धत बदलली. मार्च २०२४ मध्ये त्याच स्टेडियमवर टेलर स्विफ्टचे सहा कार्यक्रम झाले, शेवटचा ९ तारखेला. आणि २१ तारखेला तिथे सिंगापूर-चीन विश्वचषक पात्रता सामना झाला, दोन-दोन असा सुटला. बारा दिवसांत मैदान पुन्हा खेळाचं. आपल्याकडे बारा दिवसांत मांडववाल्याचं बिल सुद्धा निघत नाही.

सिंगापूरचा पैसा आपल्याकडे नाही, हे मलाही कळतं. पण पैसा न लागणाऱ्या गोष्टी तर करा. मैदान कोणत्या तारखांना मिळणार नाही हे वर्षाच्या सुरुवातीला ठरवा: शालेय स्पर्धांचा काळ, भरतीचा काळ, पावसाळा. अनामत अशी घ्या की ती बुडाली तर कार्यक्रमवाल्याला दुखलं पाहिजे. आमच्याकडे अनामत एवढी किरकोळ असते की लोक ती सोडून देतात, खड्डे बुजवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. मैदान देताना आणि परत घेताना फोटो काढा, आणि परत घेताना सही अधिकाऱ्याची नको, तिथे रोज शिकवणाऱ्या क्रीडा शिक्षकाची घ्या. खिळा कुठे राहिला ते त्यांनाच कळतं. आणि भाड्याचा पैसा संकुलाच्याच खात्यात राहू द्या, आणि गेटवर फळा लावा: या महिन्यात कुणाला दिलं, किती घेतलं, कशावर खर्च केलं. खडूने लिहा, चालेल. ॲप नको.

एक गोष्ट राहिली, ती सगळ्यात अवघड. फुकटातले कार्यक्रम. कॉन्सर्टवाला निदान भाडं तरी देतो. सभा, मेळावे, वाढदिवसाचे सोहळे, अमुक महोत्सव, तमुक महोत्सव, यांना "वरून फोन" आला की पावतीच फाडली जात नाही, असं अनेक गावांतले लोक सांगतात. यात एक पक्ष नाही, सगळे आहेत. ज्यांच्या कमेंट खाली सगळ्यात आधी येतील त्यांचेही नेते आहेत. संकुलांच्या समित्यांवर मंत्री, आमदार, अधिकारी हीच मंडळी. मैदान मागणारे तेच, देणारे तेच. दिलजीतचा कचरा देशाला दिसला, कारण तो दिलजीत होता. आपल्याकडच्या सभेनंतरच्या पाण्याच्या पाउचची बातमी कोण करतो? मीही केली नव्हती, वर सांगितलंच.

तेव्हा काम असं ठरवलंय. माहिती अधिकाराचा अर्ज तयार केलाय. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द, म्हणून नेमकंच विचारलंय: मागच्या पाच वर्षांत संकुलाचं मैदान खेळाव्यतिरिक्त कोणत्या तारखांना, कुणाला, किती भाड्याने दिलं, अनामत किती घेतली आणि किती परत केली. आरोप कुणावर नाही. हिशेब चोख असेल तर तो इथेच, याच भिंतीवर, आकड्यांसकट छापीन आणि अभिनंदनही करीन. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

पण मी एका मैदानाचा अर्ज टाकणार. जिल्ह्यात आठ तालुके आहेत. तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम, परंडा, इथल्या प्रत्येकी एकाने आपापल्या संकुलासाठी असाच अर्ज टाकावा. नमुना हवा असेल त्यांनी खाली "मैदान" एवढंच लिहा, मेसेजमध्ये पाठवतो. आणि ग्रुपवरच्या त्या मित्राला, ज्याला नुसती पोरं पळताना दिसली, मी रविवारी पहाटे साडेपाचला स्टेडियमच्या गेटवर बोलावलंय. हो म्हणालाय. येतो का बघू.